दाव्याला बांधलेले स्वास्थ्य

वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी व कारंजा हा टापू गवळाऊ गोधनासाठी प्रसिद्ध आहे. पांढऱ्या रंगाचा, हलक्या बांध्याचा हा बैल चपळ चालीसाठी नावाजलेला आहे. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथील शासकीय प्रक्षेत्रावर या जातीची पैदास केली जाते.

ट्रॅक्टर आल्यापासून बैलाचे काम घटले. चालण्यासाठीच घडलेले हे जनावर आता पुष्कळदा दिवसभर आखूड दाव्याला उभे असते. वैरण, पाणी व लस वेळेवर मिळाली, तरी तेवढ्याने त्याचे स्वास्थ्य पूर्ण होत नाही. तबेल्यात एकटा कोंडलेला घोडा गव्हाणीचे लाकूड चावतो, जागच्या जागी डुलत राहतो. बांधलेली गाय उगाच जीभ फिरवीत राहते. ही खोड नसून कोंडमाऱ्याची खूण होय.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. जनावरास रोज काही तास मोकळे सोडावे. सोबतचे जनावर दिसेल असे बांधावे. अंग घासण्यास गोठ्यात खांब रोवावा, नियमित खरारा करावा. वैरण एकदम न टाकता थोडी थोडी घालावी.

जनावरास अवाजवी आखूड दाव्याने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमानुसार गुन्हा आहे. परंतु दावे सोडायचे, तर फिरण्यास जागा हवी. म्हणून गायरान अतिक्रमणापासून राखणे हे पंचायतीचे पहिले कर्तव्य ठरते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी करून आपण बैलाच्या कष्टांची जाणीव ठेवतो. ती जाणीव वर्षभर गोठ्यात दिसावी.