हळदीचा डाग आणि पत्र्यावरचं पाणी

"कामून साबण लावायलीस गं?" मावशींचा आवाज एकदम चढतो. सून हात मागे घेते, पण ओली वडी डागाच्या कडेला लागलेलीच आहे. तिथला पिवळा रंग बघता बघता विटकरी लाल होतो.

लातुरात गंजगोलाईजवळच्या एका जुन्या घराच्या अंगणात मी उभी आहे. घरातलं लग्न नुकतंच आटोपलंय. पाटावर फिकट पोपटी रेशमी साडी पसरली आहे आणि पदराजवळ कुणाच्या तरी हळदीच्या बोटांचे ठसे आहेत. साबणातला क्षार लागला की हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. मावशी वाटीभर पाण्यात लिंबाचे थेंब टाकतात, पांढऱ्या फडक्यानं ती जागा टिपतात. घासत मात्र नाहीत. लाली उतरते, पिवळा रंग परत दिसू लागतो.

आता धुणं. सून बोअरच्या नळाकडे वळते, तर मावशी पत्र्याखालच्या ड्रमकडे बोट दाखवतात. रात्रीच्या पावसाचं पाणी त्यात फडक्यातून गाळून धरलंय. बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार आणि साबण मिळून चिकट साका होतो, तो धाग्यात बसतो आणि रेशमाची झळाळी जाते. सून नांदेडची. "आमच्याकडं गोदावरीचं पाणी असतंय, फेस लई होतो," ती म्हणते. मावशी मान हलवतात. एप्रिल २०१६ मध्ये, दुष्काळात, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला १० वाघिणींतून ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात ह्या घरात एकही रेशमी वस्त्र भिजलं नाही, नुसती वाऱ्यावर टाकून घड्या बदलल्या, असं त्या सांगतात. रेशीम नीट धुवायला चांगलं पाणी लागतं आणि ह्या गावात ते राखून ठेवावं लागतं, ही गोष्ट मला इथे उभं राहून पहिल्यांदा खरी कळते आहे.

रिठे रात्रीच बिया काढून भिजवलेत, सकाळी उकळून गाळलेत, पाणी पार निवलंय. रेशीम म्हणजे प्रथिन. त्याला तीव्र क्षार सोसत नाही, आणि रक्ताचे, अन्नाचे डाग काढणाऱ्या पावडरींतले काही एन्झाइम रेशमाचा धागाही खातात. मावशी आधी निऱ्यांच्या आतली कड ओली करून पांढऱ्या कापडात दाबून बघतात. रंग उतरत नाही. फॉल कालच उसवून ठेवलाय; सुती फॉल आटला की काठ चुण्या धरतो.

साडी रिठ्याच्या पाण्यात जेमतेम दोन-तीन मिनिटं. "पिळू नको गं, नुसतं दाब." ओल्या रेशमाचा जोर कमी होतो, पिळलं की धागे सरकतात. पुन्हा पावसाच्या पाण्यात खळबळून काढतात, मग जुन्या टॉवेलात गुंडाळून दाबतात. टॉवेलच ओल पिऊन घेतो.

ठसे फिके झालेत, गेलेले नाहीत. इथे मावशी मला न सुचलेली गोष्ट करतात. बाकी साडीवर जाड चादर टाकतात आणि फक्त तेवढीच ओली जागा कोवळ्या उन्हात ठेवतात, तीही थोडाच वेळ. हळदीचा रंग उन्हात विटतो. साडीचाही विटतो, म्हणून त्या जागच्या हलत नाहीत, सारखं चादर उचलून बघतात. मग साडी उलटी करून ओसरीत सुती दोरीवर. तारेवर नाही, गंज लागतो. थोडी दमट असतानाच उलट्या बाजूनं, वर सुती कापड ठेवून, मंद इस्त्री करणार. पाणी शिंपडायचं नाही, थेंबांचे डाग पडतात.

सून आतून पैठणी घेऊन येते, तिच्यावरही हळद उडालीय. "आई, हीपण?"

"जरीची घरी नको. ड्रायक्लीनला दे," मावशी म्हणतात. "पण त्याला आधीच सांग, डाग हळदीचाय म्हणून. आन् तू काय लावलंयस तेबी सांग."