लाळेतली प्रतिपिंडे: काय खरं, काय खोटं

करोनाकाळात आयसीएमआरने देशभरातल्या 70 जिल्ह्यांत चार वेळा सिरो-सर्वेक्षण, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) पाहणी केली. मराठवाड्यातून बीड, परभणी आणि नांदेड हे जिल्हे त्यात होते, जालना नव्हता. त्यामुळे जालन्याच्या जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीत किती जणांना नकळत संसर्ग होऊन गेला, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. चारही फेऱ्यांत हाताच्या शिरेतून रक्त घेतलं गेलं. गावोगाव रक्त घ्यायचं तर प्रशिक्षित माणूस लागतो आणि सुया लागतात. शिवाय घरच्यांची समजूत काढावी लागते, लहान मुलांच्या बाबतीत तर फारच. म्हणूनच ‘रक्ताऐवजी लाळ चालेल का?’ हा प्रश्न टेंभुर्णीसारख्या गावांसाठी महत्त्वाचा आहे. उत्तर ‘चालेल’ असंच आहे, पण त्याभोवती बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज असा, की लाळ तपासली म्हणजे आज आजार आहे की नाही ते कळतं. नागपूरच्या नीरी संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची जी पद्धत काढली आणि 2021 मध्ये आयसीएमआरने मान्य केली, ती विषाणू शोधणारी होती. प्रतिपिंडांची तपासणी वेगळी. शरीराने त्या जंतूशी पूर्वी सामना केला आहे का, एवढंच ती सांगते. प्रतिपिंडे सापडलेला माणूस आजारी असतोच असं नाही, आणि त्याच्यापासून इतरांना लागण होईल असंही नाही. ती लसीमुळेही आलेली असू शकतात. कोविशील्ड घेतलेल्याच्या शरीरात फक्त विषाणूच्या काटेरी (स्पाइक) प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे तयार होतात, त्यामुळे विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे मिळाली तर प्रत्यक्ष संसर्ग झाला होता असं म्हणता येतं. कोव्हॅक्सिन अख्ख्या निष्क्रिय विषाणूपासून केलेली असल्याने तिच्याबाबत हा फरक करणं अवघड जातं.

दुसरा गैरसमज जास्त नुकसान करतो: डबीत थुंकलं की झालं. क्षयरोगासाठी आपण जी थुंकी देतो ती छातीतून खोकून काढलेली असते. इथे तिचा काही उपयोग नाही. लाळग्रंथींतून येणाऱ्या लाळेत मुख्यतः आयजीए जातीची प्रतिपिंडे असतात. सर्वेक्षणाला हवी असतात ती आयजीजी, आणि ती रक्तातून पाझरून हिरड्या व दात यांच्यामधल्या फटीत येतात. म्हणून छोट्या स्पंजच्या काडीने हिरड्यांच्या कडेने नीट घासून ओलावा गोळा करायचा असतो. तोंडात तंबाखू, गुटखा किंवा पान असताना नमुना घेऊ नये. खाल्ल्या-प्यायल्यावर साधारण अर्धा तास थांबावं. हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते नमुन्यात मिसळून प्रमाण बदलतं, तशी नोंद करायला हवी.

‘लाळेत प्रतिपिंडे नगण्य असतात, मग निकाल कसला?’ असंही विचारलं जातं. प्रमाण खरोखरच रक्ताच्या सुमारे हजाराव्या भागाइतकं असतं. पण त्यासाठी बनवलेल्या संवेदनशील चाचण्या आहेत, आणि नमुन्यात एकूण आयजीजी पुरेसं आहे का हे आधी पाहून अपुरा नमुना बाजूला काढता येतो. ब्रिटनमध्ये 1994 पासून गोवर, गालगुंड आणि रुबेलावर लक्ष ठेवण्यासाठी तोंडातला हाच द्रव वापरला जातो. आपल्याकडे 2022 च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, तो मुख्यतः लहान मुलांत. त्या वयाच्या मुलांचं रक्त घेताना आई-वडिलांचा जीव कसा कासावीस होतो, हे आशाताईंना विचारा.

पण म्हणून लाळ रक्ताच्या तोडीस तोड ठरत नाही. आयसीएमआरच्या पहिल्या फेरीत, मे-जून 2020 मध्ये, अवघ्या 0.73 टक्के प्रौढांना संसर्ग होऊन गेल्याचा अंदाज निघाला. अशा वेळी शंभरातल्या एका निरोगी माणसाला चुकून पॉझिटिव्ह ठरवणारी चाचणी हजार जणांवर वापरली, तर खरे सात आणि खोटे जवळपास दहा निघतील! रक्ताच्या चाचणीतही हा धोका होता, म्हणून त्या फेरीत पॉझिटिव्ह नमुने दुसऱ्या किटने पुन्हा तपासले गेले. लाळेच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. चौथ्या फेरीपर्यंत, जून-जुलै 2021 मध्ये, प्रमाण 67.6 टक्क्यांवर गेलं होतं. तिथे तेवढ्याच चुकीने चित्र फारसं बिघडत नाही.

लाळेला बर्फ लागत नाही, हे तर आपल्याकडे अजिबात धरून चालू नये. गोवराच्या नमुन्यांबाबत शीतसाखळीची सूट आहे ती हवा साधारण 22 अंशांच्या खाली असेल आणि नमुना दिवसभरात प्रयोगशाळेकडे निघत असेल तर. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात ही अट पाळली जाणं शक्य नाही. लशीचा थंड डबा इथेही लागणारच.

लाळेवरून एचआयव्हीची चाचणी होते, म्हणजे लाळेतून तो पसरत असणार, ही भीती तेवढी मनातून काढून टाका. हिरड्यांवरून काडी फिरवून करायच्या चाचणीला अमेरिकेत 2012 मध्ये घरगुती वापरासाठीही मान्यता मिळाली. ती प्रतिपिंडे शोधते, विषाणू नव्हे. लाळेतून एचआयव्ही पसरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. गावात संसर्ग किती पसरला हे पाहायचं असेल, विशेषतः मुलांमध्ये, तर हिरड्यांचा नमुना वापरायला हवा आणि सोबत काही जणांचं रक्त घेऊन तो पडताळायला हवा. मात्र एकट्या माणसाच्या उपचाराचा निर्णय त्यावर घेऊ नये. त्यासाठी डॉक्टर सांगतील ती तपासणी करा. आणि उद्या सर्वेक्षणाचं पथक दारात आलं, तर नमुना रक्ताचा असो की लाळेचा, नाही म्हणू नका.