कुंपण कोठे घालावे?

क्रिकेटवर वाद घालावयास आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. खेळपट्टी फिरकीला साथ देणारी असावी की वेगाला, नाणेफेक जिंकून काय करावे, हे प्रश्न आपल्याकडे लोकलच्या डब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कोठेही निघतात. पण सीमारेषा पाच हात मागे असावी की पुढे, ह्यावरून दोन स्नेह्यांचे बोलणे बंद झाल्याचे सहसा ऐकू येत नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत ते सहज घडते. एखाद्या शहरात नवे मैदान बांधावयाचे ठरले आणि त्याचा नकाशा बाहेर आला, की डाव्या बाजूच्या भिंतीची उंची, उजवीकडच्या कोपऱ्याचे अंतर, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेची जागा ह्यांवर सामान्य माणसे महिनोन्महिने भांडतात. परक्याला हे रिकामपणाचे उद्योग वाटतील. परंतु ह्या वादात मोलाचे असे बरेच काही पणाला लागलेले असते, आणि ते काय हे समजण्यासाठी आधी मैदानाची मांडणी पाहिली पाहिजे.

जमिनीवर ९० फूट बाजूचा एक चौरस काढा आणि तो एका कोपऱ्यावर उभा आहे अशा दृष्टीने त्याच्याकडे पाहा. खालच्या कोपऱ्याला होम प्लेट म्हणतात. तेथे फलंदाज उभा राहतो. उरलेल्या तीन कोपऱ्यांवर पहिला, दुसरा व तिसरा असे तीन तळ. चौरसाच्या मध्यभागाजवळ मातीचा लहानसा उंचवटा असतो. त्यावरून, होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवरून, चेंडू टाकणारा पिचर चेंडू फेकतो. हे शेवटचे अंतर १८९३ साली ठरले, ते आजतागायत बदललेले नाही. होम प्लेटपासून पहिल्या व तिसऱ्या तळावरून दोन पांढऱ्या रेषा काटकोनात थेट कुंपणापर्यंत जातात. ह्या दोन रेषांच्या आत मारलेला चेंडू खेळातला. बाहेर गेलेला तो फाऊल. आपल्या क्रिकेटमध्ये फलंदाज चेंडू पाठीमागेही वळवू शकतो, सारे वर्तुळ त्याचे असते. बेसबॉलच्या फलंदाजाला मिळतो वर्तुळाचा केवळ चौथा हिस्सा. त्या चतकोरात, टप्पा न पडता, चेंडू कुंपणापलीकडे गेला की होमरन झाली.

येथपर्यंत सारे काही इंचांत बांधलेले आहे. गंमत पुढे आहे. ते कुंपण किती अंतरावर असावे, किती उंच असावे, सरळ असावे की वाकडे, हे नियमाने जवळजवळ मोकळे सोडले आहे. क्रिकेटची सीमारेषाही मैदानागणिक बदलते हे खरे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत ती ६५ यार्डांहून जवळ व ९० यार्डांहून दूर नसावी एवढेच बंधन आहे. परंतु तेथे दोर सामन्यापुरता हलविता येतो. बेसबॉलचे कुंपण बहुधा भिंतच असते, आणि भिंतीच्या मागे प्रेक्षक, रस्ता, कधी समुद्राची खाडी.

ही मोकळीक कोणी विचारपूर्वक दिली असे समजू नये. जुनी मैदाने शहराच्या पोटात, मिळेल त्या जागेत बसविली गेली. बोस्टनचे फेनवे पार्क १९१२ सालचे. त्याच्या डाव्या अंगाला रस्ता असल्याने कुंपण ३१० फुटांवरच थांबवावे लागले. म्हणून तेथे ३७ फूट उंचीची भिंत उभी राहिली. तिला पुढे हिरवा रंग दिला आणि लोक तिला हिरवा राक्षस म्हणू लागले. ही भिंत जवळ आहे म्हणून फलंदाजाची चंगळ, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात ती एका हाताने देते व दुसऱ्याने घेते. अन्य कोणत्याही मैदानावर झेल गेला असता असा उंच, आळसावलेला फटका भिंतीवरून अलगद पलीकडे पडतो. आणि अन्यत्र सहज होमरन झाला असता असा सणसणीत, सपाट फटका भिंतीच्या मध्यावर आदळून मैदानात परत येतो व फलंदाजाला दुसऱ्या तळावर समाधान मानावे लागते. बोस्टनच्या डाव्या क्षेत्ररक्षकाला चेंडू भिंतीवरून कसा उसळेल ह्याचा अभ्यास एखाद्या कॅरमपटूप्रमाणे करावा लागतो.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. कुंपण केवळ धावा मोजण्याची सोय नव्हे. कोणत्या प्रकारचा खेळाडू मोठा ठरणार हे ते पुष्कळ अंशी ठरविते. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज जोर लावून मारतो तेव्हा चेंडू स्वभावतः डावीकडे जातो, डावखुऱ्याचा उजवीकडे. न्यूयॉर्कचे यँकी स्टेडियम १९२३ साली उघडले तेव्हा उजव्या टोकाचे कुंपण ३०० फुटांच्याही आत होते आणि संघाचा नायक बेब रूथ डावखुरा होता. त्याच मैदानाच्या डाव्या-मधल्या भागात मात्र कुंपण साडेचारशे फुटांहून दूर. तेथे उजव्या हाताने खेळणारा जो डिमॅजिओ आयुष्यभर खेळला. त्याच्या ३६१ होमरनांपैकी २१३ परक्या मैदानांवरच्या आणि घरच्या मैदानावरच्या अवघ्या १४८. खेळाडूला साधारणपणे आपले अंगण अधिक मानवते; डिमॅजिओला त्याच्या अंगणानेच नाडले.

अतिरेक झाला तो १९५८ साली. त्या वर्षी ब्रुकलिनचा डॉजर्स संघ गाव सोडून लॉस एंजेलिसला गेला. स्वतःचे मैदान नव्हते म्हणून त्याने १९३२ च्या ऑलिंपिकसाठी वापरलेल्या कोलिझियममध्ये चार वर्षे बिऱ्हाड थाटले. धावपटूंसाठी असलेल्या त्या लांबट वाडग्यात बेसबॉल मावेना. डावे कुंपण २५१ फुटांवर आले. त्यावर उंच जाळी ताणून लाज राखण्याचा प्रयत्न झाला. पहिल्या हंगामात तेथे १९३ होमरन झाल्या, त्यांतील १८२ डाव्या बाजूला! त्याच वर्षाच्या १ जूननंतर बांधावयाच्या मैदानांसाठी, रेषांवरील कुंपण किमान ३२५ फूट व मधले ४०० फूट, असा नियम लागू झाला. नियम झाला, आणि नियमाला सवलतीही लगोलग मिळू लागल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या २००० साली उघडलेल्या मैदानाचा उजवा कोपरा ३०९ फुटांवर आहे, कारण त्यापलीकडे खाडीचे पाणी आहे.

ह्यानंतर काही वर्षे वादाला जागाच उरली नाही. १९६६ ते १९७१ ह्या काळात सेंट लुई, सिनसिनाटी, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया येथे जी मैदाने झाली ती फुटबॉललाही चालावीत म्हणून गोल, दोन्ही बाजू सारख्या, एकाच साच्यातून काढल्यासारखी. काटकसरीच्या दृष्टीने योजना उत्तम होती. पण लोक त्यांना कंटाळले, आणि ती चारही मैदाने आज पाडलेली आहेत. १९९२ साली बाल्टिमोर शहराने कॅम्डेन यार्ड्स हे मैदान बांधताना उलट दिशा धरली. उजवीकडे रेल्वेचे जुने, विटांचे, हजार फुटांहून लांब गोदाम होते. ते न पाडता त्याच्याशी जुळवून घेत मैदान आखले. ते इतके आवडले की देशभर वाकड्यातिकड्या कुंपणांची साथच आली.

येथून वादाला नवीच धार चढली. फेनवेची भिंत रस्त्यामुळे आली. मग जेथे रस्ता नाही, मोकळी जमीन आहे, तेथे मुद्दाम वाकडे कुंपण घालणे हे नाटक नव्हे काय? ह्यूस्टनच्या २००० सालच्या मैदानात मधल्या भागात चक्क टेकाड रचले, त्यावर झेंड्याचा खांब रोवला, तोही खेळाच्या हद्दीत. सिनसिनाटीच्या जुन्या मैदानात असा चढ होता, डेट्रॉइटच्या जुन्या मैदानात असा खांब होता, ही त्यामागील कल्पना. कुंपण ४३६ फुटांवर आणि तेथे पोहोचण्यापूर्वी क्षेत्ररक्षकाने चेंडूकडे पाहत पाहत चढ चढावयाचा. एक पक्ष म्हणे, मैदानाला काही चेहरा नको काय? दुसरा म्हणे, उसना चेहरा लावून कोणी ओळखीचा होत नाही, आणि एखाद्याचा घोटा मोडला म्हणजे कळेल. २०१६ च्या हंगामानंतर टेकाड काढून टाकले व कुंपण ४०९ फुटांवर आणले. मला दुसरा पक्ष पटतो. तरीही त्या चढावर धावत जाऊन घेतलेले झेल पाहिलेल्यांना चुटपुट लागली असेल हे मी समजू शकतो.

आकड्यांचा हिशोब करणारे तज्ज्ञ असताना सामान्य प्रेक्षकाने ह्यात पडावे कशाला, असे कोणी विचारील. न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने २००९ साली नवे मैदान उघडले ते मुद्दाम ऐसपैस ठेवले. डावीकडची भिंत १६ फूट उंच. त्यांचा प्रमुख फलंदाज डेव्हिड राइट ह्याने आदल्या वर्षी ३३ होमरन मारल्या होत्या. नव्या मैदानातल्या पहिल्या वर्षी त्याच्या झाल्या १०. साऱ्याच दोषाचे खापर भिंतीवर फोडता येणार नाही, परंतु २०१२ साली कुंपण जवळ व ठेंगणे करण्यात आले. बाल्टिमोरची कथा तर अजूनच बोधक. त्यांच्या मैदानात चेंडू फार सहज पलीकडे जातात, त्यामुळे पिचर टिकत नाहीत, म्हणून २०२२ साली डावे कुंपण काही ठिकाणी २६ फुटांपर्यंत मागे नेले आणि ७ फुटांची भिंत १३ फूट केली. संघाच्याच उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजांचे चेहरे उतरले. न्यूयॉर्कचा ॲरन जज तेथे खेळावयास आला, त्याचा एक हक्काचा फटका भिंतीने अडविला, आणि त्याने मैदानाची जाहीर थट्टा केली. तीन हंगाम गेले. मग व्यवस्थापनानेच आपण गरजेपेक्षा अधिक मागे गेलो असे मान्य करून २०२५ साठी बराचसा भाग पुन्हा पुढे आणला.

हिशोब चुकला असे मी म्हणणार नाही. पिचरांचे संकट खरेच होते. पण फलंदाजाकडून काढून घेतलेला प्रत्येक फूट पिचरला मिळतो आणि पिचरकडून घेतलेला फलंदाजाला. कोणालाच तोटा न होता हलविता येईल असे कुंपण नाही. आणि ह्या देवघेवीत खेळाडू पाच-सात वर्षांत गाव बदलतो, व्यवस्थापक बहुधा त्याच्याही आधी. मैदानाशी तीस-चाळीस वर्षांचा संसार करावा लागतो तो प्रेक्षकाला. त्याने लग्नाआधी चार प्रश्न विचारले तर त्याला चौकस म्हणावे, भांडखोर म्हणू नये.

आतापर्यंत आपण दूरच्या कुंपणाविषयी बोललो. जवळची, म्हणजे होम प्लेटमागची मोकळी जागा हाही तेवढाच तंट्याचा विषय आहे. ती मोठी ठेवली तर फाऊल उडालेला चेंडू क्षेत्ररक्षकाला झेलता येतो व फलंदाज बाद होतो. लहान ठेवली तर तोच चेंडू प्रेक्षकांत पडतो आणि फलंदाजाला पुन्हा संधी मिळते. पिचरचा चेंडू पकडणाऱ्याच्या हातून सुटला तर मोठ्या जागेत तो लांब जातो आणि तळावरचा धावक तेवढ्यात पुढे पळतो. लहान जागेत तो मागच्या भिंतीवर आपटून चटकन हाती येतो. प्रेक्षकाच्या दृष्टीने हिशोब सरळ आहे: जागा जितकी लहान, तितका तो खेळाच्या जवळ.

ह्या जागेवरून जपानमध्ये जे घडले ते आपण भाषाप्रेमी मंडळींनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे. कुंपणाचे वाद जपानला नवे नाहीत. १९२४ साली बांधलेल्या कोशिएन मैदानात होमरन वाढाव्यात म्हणून १९४७ साली मूळ कुंपणाच्या आत दुसरे कुंपण घातले. त्याला लोक नशिबाचा पट्टा म्हणत, आणि तो १९९१ पर्यंत टिकला. होक्काइदो बेटावरील निप्पॉन-हॅम फायटर्स हा संघ सप्पोरो शहरातल्या, फुटबॉलसाठीही वापरल्या जाणाऱ्या घुमटाखाली कृत्रिम गवतावर खेळे. त्याने किताहिरोशिमा येथे उघडझाप करणाऱ्या छपराचे, खऱ्या गवताचे, एस्कॉन फील्ड नावाचे स्वतःचे मैदान बांधले. ते २०२३ च्या मार्चमध्ये उघडले. प्रेक्षक खेळाच्या अगदी जवळ बसावा ही त्यात मुख्य दृष्टी होती. म्हणून होम प्लेटमागे सुमारे १५ मीटर जागा ठेवली.

मैदान जवळजवळ पुरे झाले असता, २०२२ च्या नोव्हेंबरात, बाकीच्या संघांसमोर प्रश्न आला: नियमाप्रमाणे ही जागा ६० फूट, म्हणजे १८ मीटरांहून किंचित अधिक, पाहिजे, येथे तीन मीटर कमी आहेत. देशभर वादाला तोंड फुटले. नियम तो नियम, कोट्यवधींचे बांधकाम झाले म्हणून सूट कशी द्यावी, हा एक पक्ष. अमेरिकेतील कित्येक मैदानांत इतकी जागा नाही, तेथे कोणी हरकत घेत नाही, मग येथेच सोवळे का, हा दुसरा. तेव्हा लोकांनी मूळ इंग्रजी नियम काढून पाहिला. त्यात ६० फूट जागा ठेवण्याची शिफारस केली होती. जपानी नियमपुस्तकात मात्र ती 'आवश्यक' म्हणून उतरली होती. इतकी वर्षे ह्या दोन शब्दांतील अंतर कोणाला जाणवले नव्हते, कारण जपानची मैदाने ऐसपैसच असत.

प्रथम तडजोड निघाली, ती अशी की २०२३ चा हंगाम आहे त्या मैदानावर खेळू द्यावा आणि संघाने नंतर होम प्लेटमागची रचना बदलावी. म्हणजे सर्वांत जवळच्या, लोकांनी हौसेने घेतलेल्या जागा उखडावयाच्या. पण हंगाम सुरू झाला, तेथे सामने झाले, आणि खेळाचे काही बिघडल्याचे दिसले नाही. अखेर जपानी नियमपुस्तकातील 'आवश्यक' हा शब्द काढून तेथे शिफारशीचा शब्द घालण्यात आला. मैदान बदलण्याची अट सुटली, आणि होम प्लेटमागच्या त्या रांगा आहेत तेथेच राहिल्या.