मनिऑर्डरीच्या हिशेबात न आलेली स्त्री

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या डोंगरी तालुक्यांनी मुंबईला पिढ्यान्‌पिढ्या मनुष्यबळ पुरविले. जमिनीचे लहान तुकडे आणि भाताचे एकच पीक यांवर घर चालेना, म्हणून पुरुष गिरण्यांत, माथाडी कामावर गेले. पत्नी गावी राहिली. सणावाराला, जत्रेला तो येई, तेवढाच संसार. १९८२ च्या संपानंतर गिरण्या आटल्या, तरी स्थलांतर थांबले नाही.

अर्थशास्त्र या व्यवहाराचा हिशेब मनिऑर्डरीने मांडत आले. मुंबईतील मजुरी कुटुंबाला सोबत ठेवण्याइतकी नव्हती. गावातील स्त्रीने शेती, मुले आणि सासू-सासरे सांभाळले, म्हणूनच ती पुरली. या स्वस्त श्रमाची किंमत तिने पतीच्या सहवासाला मुकून चुकती केली.

या वंचनेविषयी आपल्याकडे दोन टोकांचे समज आहेत. एक, संयमाने स्त्रीचे तेज वाढते. दुसरा, सहवासाविना तिला आजार जडतात. स्त्रीलाही कामेच्छा असते, हे र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य'मधून निर्भीडपणे मांडले. केवळ शरीरसंबंध नसल्याने रोग होत नाही, असे आजचे वैद्यक सांगते. मात्र एकटेपणा, अपुरी झोप आणि अतिश्रम यांचा परिणाम देहमनावर होतोच.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. 'आता मला तपासणीची काय गरज?' असे मानून ती दवाखान्यात जात नाही. वास्तविक गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत होणारा विषाणू पूर्वीच्या संबंधातून येऊन वर्षानुवर्षे शरीरात राहू शकतो. पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव तर कधीही दुर्लक्षिण्याजोगा नसतो. परंतु आपल्या आरोग्ययंत्रणेचे लक्ष बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांवर केंद्रित राहिले. शस्त्रक्रिया झाली की स्त्री जणू नोंदवहीतून बाहेर पडते.

पती जवळ असो वा नसो, तिशीनंतर प्रत्येक स्त्रीची गर्भाशयमुखाची तपासणी गावाजवळ व्हावी. झोप, मन आणि एकटेपणा यांविषयीही तिला आपुलकीने विचारले जावे. सहवासाची ओढ ही लाजेची बाब नाही आणि तिचा अभाव हा तपस्येचा गौरवही नव्हे. ज्या विकासाने तिचा संसार दोन ठिकाणी विभागला, त्याने निदान तिच्या प्रकृतीची चौकशी करावी, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.