ईदीत कॅमेरा द्यायचा असेल तर

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस लागले की मुस्लिम घरांमध्ये दोन याद्या तयार होतात. पहिली जकात आणि फितऱ्याची. फितरा ईदच्या नमाजपूर्वी गरजूच्या हाती पोचला पाहिजे, त्यामुळे या यादीचा मान पहिला. दुसरी यादी ईदीची. ईदी म्हणजे ईदच्या दिवशी थोरांनी धाकट्यांना दिलेली भेट, बहुतेक वेळा कोऱ्या करकरीत नोटा. पण धाकटे मोठे होतात, कमावते होतात. कोणी पुण्यात नोकरीला लागतो, कोणी कतार-कुवेत गाठतो. मग ईदीचा ओघ उलटा वाहू लागतो. अब्बांना घड्याळ, अम्मीला कपडे, आपाला अत्तर. या यादीत कधी कॅमेरा आला, तर मात्र सगळे अडतात. घड्याळ आवडले नाही तरी हातात बसते. न आवडलेला कॅमेरा मात्र कपाटात जातो तो परत बाहेर येत नाही.

मोबाईल असताना कॅमेरा कशाला, हा प्रश्न पहिल्यांदा येतो आणि तो रास्त आहे. भर दुपारच्या उजेडात चांगल्या मोबाईलने काढलेला फोटो आणि कॅमेऱ्याने काढलेला फोटो यांतला फरक घरातल्या कोणालाही सांगता येणार नाही. ज्याला फोटो काढण्याची हौसच नाही, त्याला कॅमेरा देणे म्हणजे पैशाची उधळपट्टी. पण प्रत्येक खानदानात एक माणूस असा असतो. एखादी खाला, नाहीतर एखादे मामू. ते कुठे शिकलेले नसतात, स्वतःला फोटोग्राफर म्हणवूनही घेत नाहीत. तरी मंगनी असो, अकीका असो, हजला निघालेल्यांचा निरोप असो, दस्तरखानाच्या टोकाशी उभे राहून फोटो काढणारे तेच. त्यामुळे घरातल्या एकाही फोटोत ते स्वतः नसतात.

या माणसाच्या हातात चांगले साधन असणे का महत्त्वाचे, हे घरातली दादी गेल्यावर कळते. नातवंडांसाठी एक चांगला फोटो छापून ठेवावा म्हणून सगळे शोधायला बसतात. फोनमध्ये फोटो हजारो. पण दादीचा चेहरा कुठे हललेला, कुठे ट्यूबलाइटखाली पांढराफटक, कुठे लग्नाच्या घोळक्यात शेवटच्या रांगेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेला फोटो आधीच लहान झालेला असतो; तो कापून मोठा करावा तर नाकडोळ्यांऐवजी चौकोनी ठिपके दिसतात. मूळ फोटो ज्या फोनमध्ये होता तो फोन दोन वर्षांपूर्वीच बदललेला असतो.

म्हणून कॅमेरा निवडताना त्याची परीक्षा दुकानातल्या झगझगाटात घेऊ नये. परीक्षा इफ्तारच्या वेळेला. सूर्य मावळलेला, मगरिबची अजान झालेली, खोलीत एक ट्यूब नाहीतर पिवळा बल्ब, आणि खजूर तोंडात टाकणारी माणसे एक क्षणही स्थिर बसलेली नाहीत. मुंबईत मिनारा मशिदीच्या गल्लीत तरावीहनंतर भरणारा बाजार घ्या, नाहीतर गावातल्या मोहल्ल्यातला भज्यांचा गाडा घ्या. रमजानचे सगळे फोटो सूर्यास्तानंतरचे असतात. तिथे दोन गोष्टी कामाला येतात: भिंग किती उघडते आणि आतला सेन्सर किती मोठा आहे.

भिंगाचे तोंड किती उघडते ते 'एफ' या अक्षरापुढच्या आकड्यावरून कळते. आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे. रात्रीच्या साध्या दिवाणखान्यात आयएसओ ८०० ठेवून एफ १.८ वर सेकंदाच्या साधारण ऐंशीव्या भागात फोटो निघतो. तेच एफ ५.६ असेल तर उजेड जवळपास दहापट कमी आणि सेकंदाचा आठवा भाग लागतो. एवढ्या वेळात शरबताचा ग्लास उचलणारे मूल फोटोत धुरासारखे पसरते. हात न हलू देणारी सोय, म्हणजे स्टॅबिलायझेशन, फोटो काढणाऱ्याच्या हाताची थरथर सावरते. समोर पळणारे मूल ती थांबवू शकत नाही.

छिद्र आणि उजेडाचा हा हिशेब फार जुना आहे. अकराव्या शतकात कैरोमध्ये 'किताब अल-मनाझिर' लिहिणाऱ्या इब्न अल-हैसम यांनी ग्रहणाच्या वेळी बारीक छिद्रातून आलेला उजेड समोर कोरीच्या आकाराचा का पडतो, यावर स्वतंत्र निबंध लिहिला. छिद्र मोठे केले की कोर दिसेनाशी होते, हेही त्यांनी मांडले. लहान छिद्रात आकार स्पष्ट पण उजेड थोडा, मोठ्या छिद्रात उजेड भरपूर पण आकार पुसट. ही ओढाताण पुढे भिंगाने सोडवली. जाता जाता, कॅमेरा हा शब्द अरबीतून आला असे हौसेने सांगितले जाते ते मात्र खरे नाही. तो लॅटिनमधला, खोली या अर्थाचा. आणि उर्दू-हिंदीतला 'कमरा' पोर्तुगीजांकडून आला. तोही त्याच घराण्यातला.

आता सेन्सर. खिशात मावणाऱ्या साध्या स्वस्त कॅमेऱ्यांत तो सुमारे ६ बाय साडेचार मिलिमीटरचा असतो, करंगळीच्या नखाहून लहान. 'एक इंची' म्हणतात तो सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. एपीएस-सी नावाचा सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटर; तो पहिल्याच्या तेरापट. अंधारात चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे येतात की कातडीचा खरा रंग येतो, ते बरेचसे इथे ठरते. मेगापिक्सेलच्या आकड्याला दुकानदार जो मान देतात तो त्याला द्यायचे कारण नाही. चार बाय सहा इंचाचा उत्तम छापील फोटो दोन-सव्वादोन मेगापिक्सेलमध्ये होतो, ए-४ कागदाला नऊ पुरतात. याहून कमीचा कॅमेरा आता नवा क्वचितच मिळतो.

इथे घरात हमखास एक आवाज उठतो: "पण चाँद यायला पाहिजे ना!" चाँदरातीला गच्चीवर जाऊन कोर टिपायची हौस सगळ्यांना असते. हिशेब असा की २०० मिलिमीटरच्या झूमवर अख्खा चंद्र फोटोच्या रुंदीच्या विसाव्या भागाएवढाच दिसतो. ७२० मिलिमीटरपर्यंत जाणारे कॅमेरे आहेत, उदाहरणार्थ सोनीचा एचएक्स ९९. त्यात चंद्र रुंदीच्या पाचव्या भागाजवळ जातो. पण एवढे झूम खिशात बसवायचे तर सेन्सर तो नखाहून लहान घ्यावा लागतो, आणि पूर्ण झूमवर भिंगही एफ ६.४ पर्यंत आवळते. चाँद वर्षातून एकदा आणि तोही थोडाच वेळ दिसतो. दस्तरखान महिनाभर रोज पडतो, आणि माणसे तर वर्षभर असतात. चंद्राचे फोटो जगभरातले लोक काढतात. आपल्या दादीचा फोटो दुसरे कोणी काढणार नाही.

मग घ्यावा कोणता? आधी कॅमेऱ्यांकडे नव्हे, ज्याला द्यायचा त्याच्याकडे आठवडाभर पाहावे. खाला मोबाईलच्या पडद्यावर दोन बोटे ताणून सारखी माणसे जवळ आणत असेल, तर तिला झूम लागते. तिच्यासाठी सोनीच्या आरएक्स १०० घराण्यातला कॅमेरा शोभतो. २०१२ मध्ये पहिला आरएक्स १०० आला तेव्हा एवढ्याशा देहात एक इंची सेन्सर पाहून जाणकार चकित झाले होते. २०१४ चा तिसरा अवतार २४ ते ७० मिलिमीटरचा, एफ १.८ ते २.८, घरातल्या प्रसंगांना आजही पुरेसा, आणि डोळा लावून पाहायची छोटी खिडकीही त्यात आहे. २०१९ चा सातवा २०० मिलिमीटरपर्यंत जातो, पण भिंग एफ २.८ ते ४.५ झाले. लांबचे मिळाले, अंधारातले थोडे गेले. क्रमांक मोठा म्हणून तो जास्त चांगला, असे इथे नाही.

घरात कॉलेजला जाणारी भाची असेल, स्वतःचे व्हिडिओ करणारी, तर कॅननचा जी ७ एक्स मार्क थ्री बघावा. त्याचा पडदा वर उलटून समोर येतो आणि बाहेरचा माइक जोडता येतो. डोळा लावायची खिडकी मात्र नाही. उन्हात पडदा दिसत नाही अशी कुरकुर करणाऱ्या वयस्कर मामूंना तो देऊ नये.

आणि एखादा माणूस असा असतो की जो गर्दीत शिरतो. फज्रच्या नमाजनंतर रिकाम्या गल्लीत, मासळी बाजारात, एसटीच्या फलाटावर चालत चालत फोटो काढतो. त्याला झूम नकोच असते. तो पावलांनी जवळ जातो. त्याच्यासाठी रिकोचा जीआर थ्री. एपीएस-सी सेन्सर, २८ मिलिमीटरचे एकच भिंग, बॅटरी-कार्डासह वजन २५७ ग्रॅम. सदऱ्याच्या खिशात मावतो, क्षणात जागा होतो. उणिवाही सरळ सांगितल्या पाहिजेत: फ्लॅश नाही, पडदा हलत नाही, बॅटरी एका चार्जमध्ये दोनशेच्या आसपास फोटो देते. २०२१ च्या थ्री एक्समध्ये भिंग ४० मिलिमीटरचे आहे. चेहरे त्यात अधिक सुंदर येतात, कारण नाक फुगत नाही. माणसांचे फोटो काढणाऱ्याला हा द्यावा.

फुजीफिल्मचा एक्स १०० व्ही आणि २०२४ चा एक्स १०० सिक्स दिसायला जुन्या कॅमेऱ्यांसारखे देखणे आहेत. ऐंशीच्या दशकात आखातातून परतणाऱ्या भावाच्या गळ्यात याशिका पाहिलेल्या कोकणातल्या पिढीला तर ते पाहताच भरून येते. फोटोही उत्तम. पण सिक्सचे वजन पाव किलोच्या दुप्पट आहे, तो खिशात मावत नाही. त्यातून व्ही मध्ये स्टॅबिलायझेशन नाही. हात कापणाऱ्या अब्बांसाठी सिक्सच बरा. देखणेपणावर भाळून देणाऱ्याने आपली हौस दुसऱ्याच्या नावावर भागवू नये.

एक गोष्ट दुकानात करून पाहायलाच हवी. कॅमेऱ्यातून फोनमध्ये वाय-फायने फोटो घेऊन बघावा, आणि तोही ज्याला भेट द्यायची त्याच्यासारख्याच फोनवर. त्याच रात्री फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर गेला नाही, तर आठवडाभरात खाला पुन्हा मोबाईल उचलते. मूळ फोटो लहान होऊ नये म्हणून तो ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, हेही तिला एकदा करून दाखवावे.

यातले बहुतेक कॅमेरे नवे घ्यायचे तर भारी मोबाईलइतके किंवा त्याहून जास्त पैसे मोजावे लागतात. भावंडांनी मिळून वर्गणी काढावी, नाहीतर वापरलेला घ्यावा; मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजाराच्या परिसरात त्याची दुकाने आहेत. वापरलेला घेताना एफ ११ वर कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहावा. करडे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, आणि न उघडणाऱ्या भिंगातून ती काढणे खर्चाचे काम. भिंग दहा वेळा आतबाहेर करावे, अडखळले तर उठून यावे. आखातातून आणणार असाल तर वॉरंटी भारतात चालते का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारावे आणि पावती जपावी.

अजून एक विचारणा घरातच करायची आहे. फोटोबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि काही घरांतली वडीलधारी मंडळी त्यापासून दूर राहतात. आपाच्या सासरी तसे असेल तर भेट तिच्यासाठी कोंडी ठरेल. नमाज पढणाऱ्यांचा, अनोळखी स्त्रियांचा फोटो इजाजतीशिवाय काढायचा नाही, हे तर कॅमेरा असो वा मोबाईल, सारखेच.

ईदच्या सकाळी बंद खोका हातात देऊ नये. नव्या कॅमेऱ्याची बॅटरी बहुधा अर्धवट भरलेली असते, आणि कार्ड तर बऱ्याचदा खोक्यात नसतेच. चाँदरातीला, बाकीचे मेंदी आणि शीरखुर्म्याच्या तयारीत असताना, बॅटरी पूर्ण भरावी, ६४ जीबीचे कार्ड घालावे, तारीख आणि वेळ लावावी, एक जादा बॅटरी सोबत ठेवावी. आणि कॅमेरा हातात दिल्यावर दोन मिनिटांसाठी तो परत मागून घ्यावा, म्हणजे खालाचा एक फोटो निघेल.