उलटी पोट करतं की मेंदू?

मंडळी, हा विषय जेवणाआधी काढू नये म्हणतात. आपण काढू या.

कसारा घाटात गाडी लागते तेव्हा पोटात काहीच बिघडलेलं नसतं. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते, हलतोय; मोबाइलमध्ये खुपसलेले डोळे सांगतात, स्थिर आहोत. ही विसंगती पोहोचते ब्रेनस्टेमकडे, म्हणजे मेंदू खाली मज्जारज्जूला जोडणाऱ्या देठाकडे. उलटीचा हुकूम तिथून सुटतो. तोंडाला पाणी सुटतं, आतड्यातला ऐवज उलटा जठरात येतो, श्वासनलिकेचं दार मिटतं, आणि छातीखालचा पडदा व पोटाचे स्नायू मिळून जठर पिळतात. जठर स्वतः सैल पडलेलं असतं. दोष मात्र आपण त्यालाच देतो!

या देठावर एरिया पोस्ट्रेमा नावाची छोटी जागा आहे. रक्तातली द्रव्यं मेंदूत सहज शिरू नयेत म्हणून असलेला पहारा इथे ढिला असतो; रक्तात विष आलं का, हे इथे कळतं. दुसरी वर्दी आतड्यातून येते. तिथल्या पेशी सेरोटोनिन सोडतात, व्हेगस नस ती खबर वर नेते. केमोथेरपीत हेच घडतं, आणि ऑन्डान्सेट्रॉन हीच वाट अडवतं.

पण उलटी थांबली तरी मळमळ राहते. उलटी मोजता येते. मळमळ ज्याची त्यालाच कळते. तिच्यावर ओलान्झापिन चालतं, पण गुंगी आणतं. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० ऐवजी २.५ मिलिग्रॅम देऊन पाहिलं. ताबा कमी पडला नाही, दिवसाची गुंगी मात्र घटली. मुलुंडहून लोकलने परळला जाणाऱ्याला याचं मोल सांगायला नको.

काहींना तर परळ स्टेशनावर उतरतानाच मळमळतं, सुई टोचायच्या आधी. घरचे म्हणतात, "मनाचे खेळ!" आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, देकार्तने मन आणि शरीर वेगळं कसं केलं तेही शिकवलं, आणि नेमकं हेच वाक्य आम्हाला खटकतं. मागच्या वेळचा वास, जागा मेंदूने शिकून ठेवलेली असते. ती मळमळ खरीच असते. पहिल्या डोसला मळमळ आवरली, तर हे शिकणं सहसा घडत नाही. म्हणून डॉक्टरांनी "उलटी झाली का?" विचारलं, तर "नाही" म्हणून गप्प बसू नका. मळमळ किती तास होती, तेही सांगा.