असईच्या तोफांचा तोल

अलीकडे पुष्कळ घरांतून तरुण मंडळी संगणकावर युद्धाचे खेळ खेळतांना दिसतात. २०१२ सालीं निघालेल्या 'प्लॅनेटसाइड २' या खेळांत तीन पक्ष दूरच्या एका ग्रहावर रणगाडे घेऊन झुंजतात. एकाचा गाडा जड व चिवट, दुसऱ्याचा जलद मारा करणारा, तिसऱ्याचा जमिनीवर तरंगत आडवा सरकणारा. खेळाचे कर्ते मधून मधून एखाद्या तोफेचा जोर कमी करितात, एखाद्या गाड्याचें कवच वाढवितात, आणि लागलीच ओरड होते कीं, आमच्या गाड्यावर अन्याय झाला! वडील माणसांस हा पोरखेळ वाटतो. परंतु माऱ्याचें बळ, हालचालीचा वेग आणि स्वतःचें रक्षण या तिहींचा तोल कसा राखावा, हा प्रश्न पोरखेळाचा नव्हे. हल्लींच्या जालना जिल्ह्यांतील असई गांवाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजीं त्याचा निकाल हजारों माणसांच्या प्राणांवर लागला.

इंग्रजांच्या तोफा उत्तम व मराठ्यांच्या टाकाऊ, म्हणून असई गेली, असा कित्येकांचा ग्रह असतो. तो साफ चुकीचा आहे. महादजी शिंद्यांनीं डी बॉयनच्या हातून कवायती पलटणी उभ्या केल्या आणि आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉच गृहस्थाच्या देखरेखीखालीं तोफा ओतविल्या. दौलतरावांच्या वेळीं असईस जमलेल्या तोफा शंभरांहून अधिक होत्या. वेलस्लीजवळ (हाच पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला) सुमारें १७. या मराठी तोफखान्याच्या माऱ्याची त्यानें स्वतःच थोरवी कबूल केली आहे.

बदनापुरास २१ तारखेस वेलस्ली व स्टीव्हन्सन यांची भेट होऊन दोन वाटांनीं निघून २४ तारखेस भोकरदनच्या बाजूस एकत्र व्हावें, असें ठरलें होतें. परंतु २३ तारखेसच वेलस्लीस खेळणा नदीपलीकडे मराठ्यांचा तळ दिसला. नदीच्या दोन्ही कांठांस समोरासमोर दोन गांवें दिसतां उतार असलाच पाहिजे, असें त्यानें ताडलें व तेथूनच तो पार झाला. शिंद्यांच्या पलटणींचा नायक हॅनोव्हरचा पोहलमन. त्यानें दक्षिणेकडे तोंड केलेली सगळी फळी तोफांसह फिरवून पूर्वाभिमुख केली. डावी बाजू असईस, उजवी खेळणेस. असें वळण घेणें कच्च्या सैन्याचें काम नव्हे.

येथें त्या काळची तोफ म्हणजे काय, हें ध्यानीं घेतलें पाहिजे. बैल जुंपलेले असतां ती गाडा असते. बैल सोडून मागें नेले कीं ती बुरूज होते. प्रत्येक बाराबरोबर ती मागें सरते, आणि गोलंदाजांनीं ती ढकलून पुन्हां जागेवर आणावयाची. दूरच्या शत्रूवर भरीव गोळा, जवळच्यावर छर्रे. वेलस्लीच्या तोफा पुढें सरूं लागतांच मराठी माऱ्यानें बैल व गोलंदाज पडले आणि गाडे जागच्या जागीं रुतले. शंभर बुरुजांपुढें सतरा मोडके गाडे! तेव्हां तोफा तेथेंच टाकून संगिनी रोखून चालावें, असा हुकूम त्यानें दिला. ७४ वी पलटण असईच्या फार जवळ गेली व छऱ्यांखालीं जवळ जवळ नाहींशी झाली.

गोलंदाज संगिनी अंगाला भिडेपर्यंत तोफांवरून हलले नाहींत. कित्येक मेल्याचें सोंग घेऊन पडले, शत्रूची फळी पुढें जातांच उठले, आणि त्याच तोफा उलट फिरवून पाठीमागून डागूं लागले. त्या तोफा वेलस्लीस दुसऱ्यांदां जिंकाव्या लागल्या.

मग उणें कोठें पडलें? तोफ बुरूज झाली म्हणजे तिला राखणारा कोणी लागतो. हजारोंच्या संख्येनें असलेलें शिंदे-भोसल्यांचें घोडदळ बहुतांशीं दूर उभें राहिलें; संगिनींची फळी तोफांपर्यंत येत असतां तिच्या कुशींत शिरावें, अशी आज्ञा देणारा एकमुखी सेनापति नव्हता. शिवाय युद्धाच्या आरंभींच कंपनीनें आमिष दाखविल्यावरून शिंद्यांच्या चाकरींतले कित्येक इंग्रज अंमलदार निघून गेले होते. महादजींनीं तराजूच्या एका पारड्यांत पुष्कळ घातलें. दुसरें पारडें जुन्या काळचेंच राहिलें. डी बॉयनला दोष देणें सोपें आहे, पण घोडदळ व तोफखाना एका हाताखालीं आणणें हें दरबारचें काम होतें, कवायत शिकविणाऱ्याचें नव्हे.

इंग्रजांचे जखमी, मृत व बेपत्ता मिळून १,५८४ असामी गेले आणि ९८ तोफा त्यांच्या हातीं पडल्या. दोन महिन्यांनीं, २९ नोव्हेंबरास, वऱ्हाडांत अडगांवास पुन्हां गांठ पडली. तेथें मराठी तोफांचे पहिले बार होतांच, असईस नेटानें लढलेल्या वेलस्लीच्या तीन देशी पलटणी फुटून पळत सुटल्या. त्यानें स्वतः पुढें होऊन त्यांस कशाबशा परत फळींत उभ्या केल्या.